मूळ चित्रपट कोणता? घड्याळ, पट्टी आणि पेटीने घेतलेला शोध

नागपूरच्या नंदनवन वसाहतीत आमच्या घरापासून चार घरे सोडून एक निवृत्त गुरुजी राहतात. शाळेत ते मराठी शिकवीत आणि प्रार्थनेला पेटी वाजवीत. त्यांच्या बैठकीत भिंतीला लागून तीन लोखंडी मांडण्या आहेत. त्यांवर पुस्तके कमी आणि व्हिडिओ कॅसेट अधिक. १९८० च्या दशकात व्हीसीआर भाड्याने आणून सारी गल्ली एका घरात जमायची आणि रात्रभर तीन-तीन चित्रपट पाहायची. त्या काळापासून गुरुजींना जुने मराठी चित्रपट जमवण्याचा छंद आहे. चित्रपट नुसता मिळाला म्हणून ते समाधानी होत नाहीत. तो जसा प्रथम प्रदर्शित झाला तसाच, काही न कापता, न बदलता मिळावा असा त्यांचा आग्रह असतो.

अशा या गुरुजींना एक गोष्ट बरीच वर्षे टोचत होती. प्रभातच्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाची लांबी पुस्तकांत १३१ मिनिटे दिलेली असते. त्यांच्याकडची कॅसेट मात्र सव्वादोन तासांच्या आतच, म्हणजे १२५ मिनिटे आणि काही सेकंदांत संपत होती. "पाच-साडेपाच मिनिटे गेली कुठे? त्यात एखादा अभंग तर गेला नसेल?" असे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारीत. त्यांनी सीताबर्डीवरची जुनी दुकाने पालथी घातली, ओळखीच्यांना पत्रे लिहिली. शेवटी एक दिवस मला म्हणाले, "तू प्रयोगशाळेत बसतेस. ही कात्री कुठे लागली ते तुझ्या विज्ञानाने शोधून दाखव बरे."

माझे काम बहुवारिकांचे, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थांचे. चित्रपटांशी माझा संबंध प्रेक्षक म्हणूनच. पण गुरुजींच्या प्रश्नाने जो शोध सुरू झाला, त्यात शाळेतले गणित, ध्वनी आणि रसायनशास्त्र असे सगळेच उपयोगी पडले. म्हणून तो येथे सांगावासा वाटतो.

न कापता कमी झालेली मिनिटे

चित्रपट म्हणजे स्थिर चित्रांची मालिका हे आपण जाणतो. बोलपटांच्या काळापासून चित्रपटगृहात दर सेकंदाला २४ चित्रे, म्हणजे २४ फ्रेम, पडद्यावर दाखवल्या जातात. दूरदर्शनसंचाचे गणित मात्र वेगळे होते. आपल्याकडे घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तने करते. जुनी दूरदर्शन पद्धती या ५० आकड्याशी जुळवून ठरवली गेली आणि तीत सेकंदाला २५ चित्रे दाखवली जात.

आता २४ फ्रेमचा चित्रपट २५ चित्रांच्या दूरदर्शनवर कसा दाखवायचा? सर्वांत सोपा मार्ग असा की, चित्रपट थोडा जलद पळवायचा आणि सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेम दाखवायच्या. आपल्याकडे आणि युरोपात कॅसेट तयार करताना बहुधा हेच केले जाई. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही. घड्याळाला मात्र जाणवतो. चित्रपटाचा वेळ २४/२५ पट, म्हणजे ०.९६ पट होतो.

१३१ ला ०.९६ ने गुणा. उत्तर येते १२५.७६, म्हणजे सुमारे १२५ मिनिटे ४६ सेकंद. गुरुजींच्या हरवलेल्या मिनिटांपैकी जवळजवळ सर्व येथेच सापडली. ती कोणी कापली नव्हती. चित्रपट भरभर पळाल्यामुळे ती वाचली होती.

अमेरिकेत विजेची आवर्तने ६० आणि दूरदर्शनची चित्रे सुमारे ३० होती. तेथे चित्रपट पळवून भागत नसे, म्हणून काही चित्रे पुन्हा दाखवून २४ चा ३० शी मेळ घातला जाई. त्यामुळे एकाच चित्रपटाची तिकडची कॅसेट इकडच्यापेक्षा काही मिनिटांनी लांब भरे. परदेशातील नातेवाइकांकडची कॅसेट 'अधिक पूर्ण' आहे असे अनेक संग्राहकांना वाटते. ती तशी असेलही, पण नुसत्या मिनिटांवरून ते सिद्ध होत नाही.

पेटीची साक्ष

हा हिशेब गुरुजींना दाखवला तेव्हा ते लगेच पटवून घेईनात. "आवाजाचे काय?" असे त्यांनी विचारले. प्रश्न नेमका होता. फिल्म जलद पळाली की तिच्या कडेची ध्वनिपट्टीही तितकीच जलद पळते, म्हणून आवाजाची कंप्रता २५/२४ पट, म्हणजे सुमारे चार टक्क्यांनी वाढते. पेटीवरील लगतच्या दोन स्वरांच्या कंप्रतांमध्ये सुमारे सहा टक्क्यांचे अंतर असते. तेव्हा आवाज अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी चढला पाहिजे.

उदाहरण घ्या. काळी एक या पट्टीचा षड्ज २७७ हर्ट्झ धरला, तर जलद प्रतीत तो सुमारे २८९ हर्ट्झ होईल. पुढची पांढरी दोन २९४ हर्ट्झची. म्हणजे गाणे काळी एकवर बसत नाही आणि पांढरी दोनवरही बसत नाही, दोहोंच्या मध्ये लटकते.

गुरुजींकडे याच चित्रपटाची संगणकावर चालणारी दुसरी प्रत होती. ती बरोबर १३१ मिनिटांची होती. त्यांनी पेटी पुढ्यात ओढली. दोन्ही प्रतींतला एकच अभंग आळीपाळीने लावला आणि मान डोलावली. कॅसेटवरचा आवाज चढा होता. "इतकी वर्षे मला वाटायचे, माझीच पेटी उतरली," ते म्हणाले.

येथे एक सावधगिरी हवी. गायकाने मुळात कोणती पट्टी धरली होती आणि त्या काळच्या वाद्यांचा स्वर कसा लावला होता हे आपल्याला ठाऊक नसते. त्यामुळे एकाच प्रतीवरून निष्कर्ष काढू नये. दोन प्रतींची तुलना केली तरच ही साक्ष ग्राह्य धरता येते.

सरळ रेषा आणि पायऱ्या

हिशेबाने उत्तर आले १२५ मिनिटे ४६ सेकंद. कॅसेट भरली १२५ मिनिटे २० सेकंद. म्हणजे २६ सेकंदांचा हिशेब अजून लागत नव्हता. गुरुजी तेवढेही सोडायला तयार नव्हते आणि त्यांचे बरोबरच होते.

आम्ही आलेखाचा कागद घेतला. चित्रपटात सहज ओळखू येतील अशा चाळीस जागा निवडल्या, जसे अभंगाची सुरुवात, दार उघडण्याचा क्षण, दृश्य बदलण्याची जागा. प्रत्येक जागा १३१ मिनिटांच्या प्रतीत कितव्या सेकंदाला येते ते आडव्या अक्षावर घेतले आणि कॅसेटमध्ये कितव्या सेकंदाला येते ते उभ्या अक्षावर. दोन्ही प्रती पूर्ण असतील तर सारे बिंदू ०.९६ चढ असलेल्या एका सरळ रेषेवर यायला हवेत. मध्ये काही कापले असेल तर त्या जागी रेषा एक पायरी खाली उतरेल आणि पुढे पुन्हा त्याच चढाने जाईल.

आम्हाला मोठी पायरी एकही दिसली नाही. दोन-तीन सेकंदांच्या दहा छोट्या पायऱ्या मात्र दिसल्या आणि त्या ठरावीक अंतराने, कॅसेटवर सुमारे साडेदहा मिनिटांनी, येत होत्या. हे अंतर बोलके आहे. ३५ मिलिमीटर फिल्मचे रीळ साधारण हजार फुटांचे असते. ते २४ फ्रेमच्या वेगाने अकरा मिनिटे चालते आणि जलद प्रतीत साडेदहा. रिळाची सुरुवात आणि शेवट यंत्रात ओवताना सर्वांत जास्त झिजतात, तुटतात, आणि तुटलेला भाग कापून फिल्म पुन्हा चिकटवली जाते. ज्या प्रिंटवरून ही कॅसेट काढली, ती प्रिंट अनेक वर्षे गावोगाव फिरली असणार. गुरुजींच्या कॅसेटमध्ये अभंग एकही गळला नव्हता. गळली होती ती रिळांची झिजलेली टोके.

फुटांवरून मिनिटे

चित्रपटाची लांबी मिनिटांत सांगितली की वेगाचा गोंधळ त्यात शिरतो. फिल्मची लांबी फुटांत किंवा मीटरांत दिली तर तो टळतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. सेकंदाला २४ फ्रेम म्हणजे दीड फूट, मिनिटाला ९० फूट. मीटरांत हेच मिनिटाला सुमारे २७.४ मीटर होतात.

ही रीत दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ला लावून पाहू. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागलेल्या या मूकपटाची लांबी ३,७०० फूट होती. तो ४० मिनिटांचा होता असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ३,७०० ला ९० ने भागले तर ४१ येतात. पण ९० हा आकडा बोलपटाचा. मूकपटांच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत आणि वेग साधारण सेकंदाला १६ फ्रेमच्या आसपास असे, म्हणजे सेकंदाला एक फूट. ३,७०० सेकंद म्हणजे तासाभराहून थोडे अधिक. मूकपटांतली माणसे दुडूदुडू धावताना दिसतात ती याचमुळे. १६ च्या वेगाने घेतलेली चित्रे आपण २४ च्या वेगाने पाहत असतो.

पुढच्या काळातील भारतीय चित्रपटांच्या बाबतीत संग्राहकाला एक हुकमी पुरावा मिळतो. चित्रपटाच्या आरंभी दिसणाऱ्या सेन्सॉर प्रमाणपत्रावर लांबी आणि रिळांची संख्या दिलेली असते. कॅसेट तेथे थांबवून आकडा टिपून घ्यावा. समजा तो ४,१०४ मीटर आहे. भागाकार केला की १५० मिनिटे येतात, आणि जलद प्रतीत १४४ अपेक्षित. कॅसेट १३० मिनिटांत संपली तर कात्री नक्की लागली आहे. प्रमाणपत्राच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात त्रिकोण असेल, तर काही भाग वगळण्याच्या अटीवर चित्रपट संमत झाला होता असे समजावे. लांबी मिनिटांत दिली असेल, तर ते प्रमाणपत्र मूळ फिल्म-प्रिंटचे नसून नंतरच्या आवृत्तीचे असण्याचा संभव अधिक.

प्रती छाटण्यामागे नेहमी सेन्सॉरच असे असेही नाही. व्हीएचएसची नेहमीची कॅसेट तीन तासांची. नंतर आलेल्या व्हीसीडीच्या एका तबकडीवर ७४ ते ८० मिनिटे मावत. चित्रपट दोन तबकड्यांत बसावा म्हणून कधी कधी एखादे गाणेच उडवले जाई.

चौकटीत काय उरले?

वेळ पूर्ण असला तरी चित्र पूर्ण असेलच असे नाही. जुन्या बोलपटांच्या चित्राची रुंदी उंचीच्या १.३७ पट असे आणि जुन्या दूरदर्शनसंचाची १.३३ पट. म्हणून प्रभातचे चित्रपट त्या संचावर जवळजवळ संपूर्ण दिसत. १९५० नंतर रुंद पडदा आला. सिनेमास्कोप पद्धतीत रुंदी उंचीच्या सुमारे २.३५ पट असते. गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) या पद्धतीने घेतलेला. असे चित्र जुन्या संचाची काच पूर्ण भरेल असे दाखवायचे, तर दोन्ही बाजूंचा मिळून ४३ टक्के भाग टाकून द्यावा लागतो. दोन टोकांना उभी असलेली माणसे एकमेकांशी बोलत असतील, तर मधली रिकामी भिंत तेवढी दिसते.

आताच्या रुंद संचांवर उलटा अपाय होतो. १.३७ चे जुने चित्र १.७८ च्या पडद्यावर भरवण्यासाठी डोके आणि पाय मिळून २३ टक्के चित्र कापतात किंवा चित्र आडवे ताणतात. ताणल्याचे पट्टीने ओळखता येते. कॅमेऱ्यासमोर सरळ आलेले बैलगाडीचे चाक पडद्यावर मोजावे. उभा व्यास १२ सेंटिमीटर आणि आडवा १६ भरला, तर चित्र ताणलेले आहे.

मूळ एकच असते का?

मुलांशी चर्चा करावी असा हा प्रश्न आहे. प्रभातचा 'कुंकू' (१९३७) मराठीत आणि 'दुनिया न माने' या नावाने हिंदीत निघाला. तो एकावरून दुसरा केलेला नाही, दोन्ही भाषांसाठी दृश्ये वेगवेगळी चित्रित केली होती. तेव्हा मूळ चित्रपट दोन आहेत.

'मुगल-ए-आझम' (१९६०) मुळात बराचसा कृष्णधवल आणि काही भागच रंगीत होता. २००४ साली तो संपूर्ण रंगवून प्रदर्शित झाला तेव्हा त्यातील काही गाणीही गाळली होती. पाहायला ती प्रत झगझगीत आहे, पण अभ्यासकाला कृष्णधवल प्रतच हवी.

'शोले'ची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. १९७५ साली, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरच्या आक्षेपामुळे शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. मुळात ठाकूर गब्बरसिंगला ठार मारतो. बदललेल्या शेवटात पोलीस मध्ये पडतात. पुढे मूळ शेवट असलेली प्रत परदेशात व्हिडिओवर निघाली. डीव्हीडीवर दोन प्रती मिळत, एक २०४ मिनिटांची आणि एक १८८ मिनिटांची. आता आपली रीत वापरा. २०४ ला ०.९६ ने गुणले तर १९६ येतात. म्हणजे वेगामुळे फार तर आठ मिनिटांचा फरक पडेल. उरलेली आठ मिनिटे कात्रीचीच असली पाहिजेत. गंमत म्हणजे रुंद पडद्याचे चित्र या लहान प्रतीत होते. गोष्ट पूर्ण हवी की चित्र रुंद हवे, असा पेच संग्राहकांपुढे पडला. २०२५ साली मूळ शेवटासह नव्याने सिद्ध केलेली प्रत इटलीतील बोलोन्या येथे दाखवण्यात आली.

'राजा हरिश्चंद्र'ची आज पहिली आणि शेवटची अशी दोनच रिळे उरली आहेत. तीही १९१३ च्या चित्रपटाची नसून फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे.

व्हिनेगरचा वास

आता माझ्या विषयाकडे येते. 'शोले'ची मूळ निगेटिव्ह अतिशय खराब झाली होती, म्हणून इंग्लंडमधील एका गोदामात मिळालेल्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. निगेटिव्ह खराब कशाने झाली? तिला व्हिनेगरच्या रोगाने ग्रासले होते.

१९५० च्या सुमारापर्यंत फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ इतका ज्वालाग्राही की, पेटला तर पाण्याखालीही जळत राहतो, कारण जळण्यास लागणारा ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, पूर्वीच्या प्रभात स्टुडिओच्या आवारात, नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि अनेक जुन्या चित्रपटांची रिळे नष्ट झाली. १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने यांतील कित्येक चित्रपटांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच उतरवल्या होत्या, म्हणून ते आज पाहायला मिळतात.

ही सुरक्षित फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची. ती सहज पेटत नाही, पण हवेतील ओलाव्याशी संथपणे अभिक्रिया करते आणि ॲसेटिक आम्ल सोडते. व्हिनेगरमध्ये हेच आम्ल असते. सुटलेले आम्ल त्याच अभिक्रियेचा वेग वाढवते, त्यामुळे आणखी आम्ल सुटते. बंद डब्यात तर आम्लाला बाहेर जायलाही वाट नसते. फिल्म आखडते, वाकडी होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात. २१ अंश सेल्सिअस आणि ५० टक्के आर्द्रता असेल तर नव्या फिल्मला हा रोग लागायला ४० ते ५० वर्षे लागतात. रासायनिक अभिक्रियांचा वेग दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला, तर २५ अंशांच्या खोलीच्या मानाने ४५ अंशांच्या माळ्यावर फिल्म चौपट वेगाने खराब होईल. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा याहून कमी तापत नाही.

व्हिडिओ कॅसेटची फीत पॉलिएस्टरची असते, तिला व्हिनेगरचा रोग होत नाही. परंतु चुंबकीय भुकटी धरून ठेवणारा डिंकासारखा थर ओलाव्याने सैल पडतो आणि पावसाळ्यात फितीवर बुरशी चढते. शिवाय आता वाजवण्याची यंत्रेच दुर्मिळ झाली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले.

वर्गात करून पाहण्यासाठी

जास्वंदीच्या पाकळ्या गाळणकागदावर चोळून जांभळट पट्ट्या तयार करा. एका बरणीच्या तळाशी थोडे व्हिनेगर आणि दुसरीच्या तळाशी पाणी घ्या. ओलसर पट्ट्या झाकणाखाली, द्रवाला न लागतील अशा टांगा आणि दुसऱ्या दिवशी रंगांची तुलना करा. फिल्मच्या डब्यात आम्ल सुटते आहे का हे संग्रहालये अशाच पट्ट्यांनी पाहतात. त्यांच्या पट्ट्यांवरचे ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे द्रव्य आम्लाने निळ्याचे हिरवे आणि मग पिवळे होते.

दुसरा प्रयोग आलेखाचा. एखाद्या जुन्या चित्रपटाच्या दोन प्रती घ्या, वीस जागा निवडा आणि बिंदू मांडा. चढ १ येतो की ०.९६, आणि पायऱ्या कोठे आहेत, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्या.

तिसरे काम शिक्षकांचे. अनेक शाळांच्या कपाटांत जुनी रिळे आणि कॅसेट पडून आहेत. काहींवर शाळेच्या संमेलनाचे किंवा गावच्या कार्यक्रमाचे चित्रण असेल, आणि त्याची दुसरी प्रत जगात कोठेही नसेल. बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालू नका, ती यंत्रासह फुकट जाते. व्हिनेगरचा वास येणारे रीळ इतरांपासून दूर, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. कॅसेट पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, ध्वनिक्षेपकाच्या चुंबकाजवळ नको. यंत्र चालते आहे तोवर त्यांची संगणकीय प्रत करून घ्या, पण प्रत झाली म्हणून मूळ टाकून देऊ नका. गुरुजींची कॅसेट हाताशी होती, म्हणूनच तिची १३१ मिनिटांच्या प्रतीशी तुलना करता आली.

गुरुजींनी आता प्रत्येक कॅसेटच्या पाठीवर दोन आकडे लिहायला सुरुवात केली आहे, एक घड्याळाने मोजलेला आणि एक ०.९६ ने भागून काढलेला. 'संत तुकाराम'च्या कॅसेटवर त्यांनी आणखी एक ओळ लिहिली आहे: "अभंग सर्व आहेत. रिळांची टोके २६ सेकंद कमी."